साडेतीन वकील आणि गोठ्याची वाट

वकिलाकडे दोन गोष्टी साठत जातात. जुन्या फायली आणि किस्से. फायली निदान निकाल लागून काही वर्षं झाली की रद्दीत घालता येतात. किश्शांचं तसं नाही. ते कुणी मागत नाही, कुणी नेत नाही, आणि बाररूममध्ये चहाला उशीर झाला की आपोआप तोंडातून बाहेर पडतात. चहाला रोजच उशीर होतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे एक फॉर्म. आमच्या वकील मंडळींनी सभासदांची परिचय-पुस्तिका काढायचं ठरवलंय. फॉर्मात दोनच रकाने आहेत, 'वकिलीपूर्वीचा व्यवसाय' आणि 'प्रॅक्टिसचे क्षेत्र'. आमच्या ऑफिसचे फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी आधी स्टेनो होते. सव्वीस वर्षं वकिली करून झाली, तरी कुठे काही लिहायचं असलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडेच वळतात! वैताग आलाय, खरं सांगते.

आमचं ऑफिस आकुर्डीत, स्टेशनकडे जाताना एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती चालू बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. एका गाळ्यात चार टेबलं आणि चार वकील. एक मी. दुसरा जाधव, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. तिसरे भाऊसाहेब, रिटायर्ड तलाठी. आणि चौथे आमच्या सगळ्यांचे खरे सर. सरांनी बत्तीस वर्षं लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवला, रिटायर झाल्यावर सनद घेतली, काळा कोट शिवला, आणि कित्येक वर्षं कोर्टात एकदाही उभे राहिले नाहीत. म्हणून बाररूममध्ये आमच्या ऑफिसला 'साडेतीन वकील' म्हणतात. अर्धं कोण हे सरांना माहीत आहे. ते स्वतःच हसून सांगतात.

*

दुसऱ्यांची उणीदुणी काढण्याआधी माझं सांगते.

बारा वर्षं मी एका कंपनीत साहेबांचं डिक्टेशन घेतलं. संध्याकाळी लॉ कॉलेज. सनद मिळाल्यावर पहिल्यांदा स्वतःचं मॅटर घेऊन उभी राहिले, पोटगीचा साधा अर्ज होता. समोरचे वकील बोलायला लागले आणि माझा हात आपोआप शॉर्टहँडमध्ये चालायला लागला. त्यांचा शब्द न् शब्द मी उतरवून घेतला. त्यांचं संपलं. जजसाहेब माझ्याकडे बघताहेत, आणि मी पेन धरून त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट बघतेय!

"मॅडम," जजसाहेब म्हणाले, "युक्तिवाद करायला आलात की डिक्टेशन घ्यायला?"

मग मात्र मी बोलले. चांगली दहा मिनिटं बोलले, मुद्दे सगळे आले, कुठेही अडखळले नाही. शेवटी मान लववली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "आपली विश्वासू."

सबंध कोर्ट हसलं. अशिलाला पोटगी मिळाली, पण आजही कुणी ज्युनिअर मला व्हॉट्सॲपवर मेसेज करतो तो शेवटी 'आपला विश्वासू' लिहूनच.

*

जाधव लातूरकडचा. चाकणला बारा वर्षं पार्ट तपासले, मग कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याचा नंबर लागला. तेव्हा त्याने ठरवलं की आता कामगारांच्याच केसेस लढवायच्या. मनापासून लढवतो. पण माणूस कंपनीतून बाहेर पडला तरी कंपनी माणसातून बाहेर पडायला वेळ लागतो.

कंपनीत त्यांना शिकवलेलं असतं, पार्ट रिजेक्ट झाला की 'का?' विचारायचं. उत्तर आलं की पुन्हा 'का?'. असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं म्हणे. आणि आम्हाला सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं, उलटतपासात 'का' हा प्रश्न जन्मात विचारायचा नाही! साक्षीदाराला मोकळं रान मिळतं.

जाधवच्या अशिलाला जागेवर नसल्याच्या कारणावरून कामावरून काढलं होतं. कंपनीचा सुपरवायझर साक्षीला आला. केस आमच्या बाजूने, कारण कंपनीकडे एका मेमोपलीकडे कागद नव्हता. जाधव उलटतपासाला उठला.

"तुम्ही मेमो का दिला?"

"तो मशिनवर नव्हता."

"का नव्हता?"

"शोधला तर स्टोअरमध्ये सापडला. झोपला होता."

मी मागून जाधवचा कोट ओढला. तो आता थांबणार नव्हता.

"का झोपला होता?"

"दमला होता. आमची शिफ्ट संपली की दुसऱ्या कंपनीत कामाला जायचा."

"दुसऱ्या कंपनीत का जायचा?"

"तिकडे त्याच्या मेव्हण्याचं लेबर कॉन्ट्रॅक्ट आहे."

"मग हे तुम्ही मेमोत का लिहिलं नाही?"

"आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं, साहेब. आज सकाळी बाहेर चहा पिताना हा तुमचा अशीलच बोलला."

जाधव बाहेर आला तो खूश. "मॅडम, रूट कॉज सापडलं!"

त्याचा अशील शेजारीच उभा होता. बिचारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, कंपनीला दोन वर्षांत सापडलं नव्हतं. तुमी दहा मिनिटांत काढलं."

*

आता शकूआक्का. पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

पुनावळ्याच्या अंगाला, हायवेपासून आत, त्यांचा म्हशींचा गोठा आहे. आजूबाजूच्या जमिनी गेल्या, टॉवर उभे राहिले, पण आक्कांनी गोठ्याचा तुकडा विकला नाही. अकरा म्हशी. त्याच टॉवरमधली निम्मी माणसं आक्कांचंच दूध पितात. गोठ्याकडे जायला एक जुनी गाडीवाट होती, शेजारच्या रानातून. ते रान एका बिल्डरने घेतलं. एके दिवशी सकाळी आक्का बघतात तो काय, वाटेवर पत्रे ठोकलेले! दुसरीकडून गोठ्यात जायला ओढ्याकाठची एक पायवाट, माणूसच कसाबसा जाईल. म्हशी नाहीत, कडब्याची गाडी नाही.

आक्कांनी ओढ्यातून ओढत ओढत म्हशी बाहेर काढल्या आणि माण गावात भावाच्या दारात नेऊन बांधल्या. मग दुधाची रिकामी किटली हातात घेऊन तीन मजले चढून आमच्याकडे आल्या.

"वकीलबाई, मला बाकी काय नगं. माझी वाट मोकळी करून द्या. भावाचं घर झालं तरी अकरा म्हशी कोण किती दिस ठिवून घील?"

कागद बघून मी त्यांना सरळ सांगितलं की वेळ लागेल. आक्का म्हणाल्या, "म्हशीस्नी सांगा की ते. मी हाय शिकल्याली चौथी, मला कळंल."

जमिनीचं मॅटर म्हणजे भाऊसाहेबांचं. सातबारा ते असा वाचतात की आपण लग्नपत्रिकाही इतक्या हौसेने वाचत नाही. त्यांनी त्याच दिवशी वकीलपत्र घेतलं, दावा लावला आणि मनाईचा अर्ज टाकला. आक्कांना म्हणाले, "आक्का, निवांत राहा. तलाठी होतो तेव्हा हा भाग माझ्याच सज्जात होता. इथली बांधाबांधाची खबर आहे मला."

*

पहिल्या दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्या तारखेला बिल्डरचे वकील चव्हाणसाहेब आले. पुण्याहून येतात, कोटाला सुरकुती नाही, आवाज मऊ. त्यांनी त्याच रानाचा एक जुना पंचनामा दाखल केला. कुणाच्या तरी बिनशेतीच्या अर्जावर तेव्हाच्या तलाठ्याने जागेवर जाऊन केलेला. कॉपी आमच्याकडे दिली.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. "वा! अक्षर बघा ताई, कसं रेखीव आहे. आजकालच्या पोरांना असं लिहिता येतं का?"

मग मोठ्याने वाचायला लागले. "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता, सदर जागेत कोणतीही वाट, वहिवाट अगर रस्ता आढळून आला नाही..." इथे त्यांचा आवाज खाली गेला. खालची सही बघितली. पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

चव्हाणसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "सही ओळखीची वाटते का, भाऊसाहेब?"

सही भाऊसाहेबांचीच होती!

ऑफिसात आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एका दिवसात चौदा पंचनामे होते ताई. उन्हाचा कडाका. चावडीत बसून लिहिले. पंचांच्या सह्या चहाच्या टपरीवर घेतल्या. सगळेच तसं करायचे."

आक्का समोरच बसलेल्या. मला वाटलं आता ही बाई किटली फेकून मारणार, आणि मारली असती तर मी अडवलं नसतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, म्हस येली की दर बारीला खरवस न्यायला यायचा तुमी गोठ्यात. त्ये काय उडत यायचा व्हय?"

भाऊसाहेबांना रडू फुटलं. मी त्यांना बावीस वर्षं ओळखते, बायको गेली तेव्हासुद्धा चारचौघांत रडला नव्हता हा माणूस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं, की तो पंचनामा मी जागेवर न जाता केला, वाट होती. मी म्हटलं, "भाऊसाहेब, चौकशी लागेल. या वयात कशाला?" ते म्हणाले, "लागू दे." पण आता ते साक्षीदार झाले. साक्षीदाराला वकील म्हणून उभं राहता येत नाही. वकीलपत्र सोडावं लागलं. माझं रोजचं फॅमिली कोर्ट, जाधवची कामगारांची गर्दी, आणि दिवाणी मनाईच्या अर्जावर युक्तिवाद म्हणजे आम्हा दोघांच्याही हातचं काम नव्हे.

कोपऱ्यातल्या टेबलावरून सर म्हणाले, "मी उभा राहतो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. जाधव हळूच म्हणाला, "आक्काचं काय खरं न्हाई."

*

सरांच्या आयुष्यातली पहिली तारीख! आम्ही सगळी कामं सोडून गेलो. पुकारा झाला. सर तीन जाड पुस्तकं छातीशी धरून पुढे निघाले.

जजसाहेबांनी वर बघितलं आणि ताडकन उठून उभे राहिले.

आता कोर्टात जज उभे राहिले की सगळ्यांनी उभं राहायचं असतं. वकील उठले, पक्षकार उठले, शिरस्तेदार हातातला कागद टाकून उठले, मागच्या बाकावर डुलकी काढणारा हवालदार दचकून उठला. का उठलोय, कुणालाच माहीत नाही. नवीन जज आले की काय म्हणून जो तो दाराकडे बघतोय!

सरांच्या लक्षात आलं. जजसाहेब त्यांचेच विद्यार्थी. सरांनी वर्गात करायचे तसा हात खाली केला, "बसा, बसा."

सगळ्यात आधी जजसाहेब बसले.

मग अर्थात त्यांनी सांगितलं की सर माझे गुरू आहेत, हे मॅटर माझ्यासमोर चालणं योग्य नाही. ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या कोर्टात फाइल जाऊन तारीख पडेपर्यंत चार महिने गेले. आक्का मला फोन करायच्या. "वकीलबाई, दोन म्हशी आटल्या. जागा बदलली की दूध चोरत्यात त्या." एकदा म्हणाल्या, "यापारी बघून गेला. भाव बी बोलला." मी 'हो, हो' म्हणत फोन ठेवायचे. काय सांगणार? आमच्या धंद्यात आठवड्यातून चार वेळा असा फोन ठेवावा लागतो, आणि त्याची सवय होते याचीच मला अलीकडे भीती वाटते.

*

नवीन कोर्टात मॅडम जज. तरुण, सरांच्या विद्यार्थिनी नव्हेत. सर उभे राहिले आणि बोलायला लागले. वहिवाटीचा हक्क म्हणजे काय, तो कसा निर्माण होतो, कसा संपतो, इंग्रजांच्या काळापासून सुरू केलं. मी सव्वीस वर्षांत इतका सुंदर युक्तिवाद ऐकलेला नाही. चव्हाणसाहेबसुद्धा नकळत टिपणं घेत होते. पाऊण तास झाला. तेवढ्यात शेजारच्या शाळेची घंटा वाजली आणि सर वाक्य अर्धवट सोडून थांबले. पुस्तक मिटलं. बत्तीस वर्षांची सवय!

मग भानावर आले, पण तोंडातून निघून गेलंच. "कुणाला काही शंका?"

मॅडम जज म्हणाल्या, "मला आहे, सर. कायदा कळला. वाट कुठे आहे?"

गावच्या नकाशात वाटेची तुटक रेघ होती, पण नकाशा फार जुना. भाऊसाहेबांचा पंचनामा एक सांगतो, प्रतिज्ञापत्र दुसरं. मॅडमनी ऑर्डर केली, कोर्ट कमिशनरने जागेवर जावं, दोन्ही पक्षांसमोर पाहणी करावी आणि अहवाल द्यावा.

आक्कांना सोपं करून सांगितलं. कमिशनरने 'वाट आहे' लिहिलं तर पत्रे निघतील. 'नाही' लिहिलं तर अर्ज गेला, मग दावा चालत राहील, आठ वर्षं, दहा वर्षं. आक्का म्हणाल्या, "मंग म्हशी इकायच्याच की."

*

पाहणी दुपारी चारला होती. कमिशनर म्हणून एक तरुण वकील आला, सरळ वाटला. हातात नकाशा, टेप, कागदांचा पॅड. मी, जाधव आणि सर पत्र्यांच्या आत शिरलो.

बिल्डरने सगळ्या जागेवर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. इकडून तिकडे एकसारखं, स्वच्छ, सपाट मैदान. वाट सोडा, गवताची काडी शिल्लक नव्हती. पलीकडच्या टोकाला पुन्हा पत्रे, आणि त्या पत्र्यांमागे आक्कांचा गोठा.

भाऊसाहेब साक्षीदार, त्यांनी काही बोलायचं नव्हतं. डोक्यावर रुमाल टाकून ते लांब उभे होते. जाधवने टेप धरली, कुठून धरायची तेच कळेना. सरांनी पुस्तक उघडलं. आणि आक्कांचा पत्ता नाही! सकाळपासून फोन लागत नव्हता.

"वादीतर्फे वाट दाखवा," कमिशनर म्हणाला.

सर म्हणाले, "वाट वापराने सिद्ध होते. या संदर्भात..."

"सर, संदर्भ कोर्टात. मला जागेवर दाखवा."

चव्हाणसाहेब मऊ हसले. "लिहून घ्या, जागेवर काही नाही."

कमिशनरने पाच मिनिटं थांबून बघितलं, मग पॅडवर लिहायला सुरुवात केली. तो लिहितालिहिता पुटपुटत होता, आणि माझा हात सवयीने तेच शॉर्टहँडमध्ये उतरवत होता, "समक्ष पाहणी केली असता..." मला तो हात तोडून टाकावासा वाटला.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. आक्का पुढून उतरल्या. मागचं फळकूट पडलं आणि आतून एक म्हैस उतरली. चांगली थोरली, शिंगं मागे वळलेली.

"उशीर झाला वं," आक्का म्हणाल्या. "ही रतनी टेंपूत चढंना. धार काढायची येळ झाली हिची." आणि त्यांनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं.

रतनी पाहणीसाठी सरकवलेल्या पत्र्यांमधून आत आली. मुरूम हुंगला. फुरफुरली. मग चालायला लागली. समोर सगळं मैदान मोकळं होतं, पण ती सरळ गेली नाही. डाव्या कडेने काही पावलं गेली, मग मध्येच, जिथे काहीच नव्हतं तिथे, कशाला तरी वळसा घालावा तशी उजवीकडे वळली. पुन्हा सरळ झाली. कमिशनर नकाशा उलगडून एकदा तुटक रेघेकडे बघत होता, एकदा म्हशीकडे. लांबून भाऊसाहेबांच्या तोंडून "बाभूळ!" एवढंच निघालं आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

रतनी पलीकडच्या टोकाला पोचली. पत्र्याला कपाळ लावून उभी राहिली आणि गोठ्याकडे तोंड करून जोरात रेकली.

कमिशनरने लिहिलेलं पान टर्रकन फाडलं. नवीन पान घेतलं.

"हरकत आहे!" चव्हाणसाहेब ओरडले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माझी सक्त हरकत नोंदवा! म्हैस वादीची आहे. ही पढवून आणलेली साक्षीदार आहे!"

कमिशनरने सरांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. आता सर पुराव्याच्या कायद्यातलं कुठलं कलम काढतात, कुठला जुना निवाडा सांगतात, देव जाणे.

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं, जाधवकडे दिलं, आणि चव्हाणसाहेबांना अदबीने हात करून म्हशीकडे वाट दाखवली.

"घ्या उलटतपास!"